विचारलें एक, पोंचलें भलतेंच

संकेतस्थळावर एकादा फॉर्म भरून ‘पाठवा’ हें बटण दाबलें आणि समोर ‘माहिती उपलब्ध नाहीं’ असें उत्तर आलें, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आपलेंच कांहीं तरी चुकलें. दुसरा म्हणतो, त्या कचेरीचें यंत्रच बिघडलेलें आहे. दोन्ही पक्ष केव्हां केव्हां खरे ठरतात. परंतु पुष्कळ वेळां दोष फॉर्म भरणाराकडे नसतो, आणि माहितीच्या कोठारांतहि नसतो. तो असतो या दोहोंच्या मध्यें, वाटेवर. आपण विचारलेला प्रश्न आणि तेथें पोंचलेला प्रश्न हे एकच होते काय, हें कोणी पाहिलेलेंच नसतें. तें कसें पाहावें, आणि वाटेंत काय काय बिघडूं शकतें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्यांनीं जुन्या वळणाचें वाचनालय पाहिलें आहे त्यांना ही रचना समजण्यास अडचण पडूं नये. बाहेरच्या दालनांत एक मेज असतें, मागें कपाटांची खोली असते. वाचक कपाटांपर्यंत जात नाहीं. तो एका चिठ्ठीवर ग्रंथाचें नांव, ग्रंथकर्त्याचें नांव आणि दाखल-क्रमांक लिहितो. शिपाई ती चिठ्ठी आंत नेतो. आंतील मनुष्य चिठ्ठी वाचून पुस्तक काढतो. वाचकाच्या मनांत काय होतें याची त्याला वार्ताहि नसते. चिठ्ठीवर जें आहे तेवढेंच तो जाणतो. संगणकाच्या व्यवहारांत बाहेरच्या दालनास फ्रंटएंड म्हणतात, आंतल्या खोलीस बॅकएंड म्हणतात, आणि चिठ्ठीवरील एकेका रकान्यास पॅरामीटर. फरक एकच, पण तो महत्त्वाचा आहे. पडद्यावर दिसणारा फॉर्म म्हणजे ती चिठ्ठी नव्हे. आपण भरलेला फॉर्म पाहून फ्रंटएंडचा प्रोग्राम स्वतः निराळी चिठ्ठी लिहितो, आणि ती आपल्याला न दाखवितां आंत धाडतो. सगळी गोम येथें आहे.

ही चिठ्ठी पुष्कळदां पत्त्याच्या ओळींतच असते. ब्राउझरच्या माथ्यावर जो लांबलचक पत्ता दिसतो त्यांत एकादें प्रश्नचिन्ह आढळेल. त्याच्या अलीकडे कचेरीचा ठावठिकाणा, पलीकडे चिठ्ठी. आधीं रकान्याचें नांव, मग बरोबरीचें चिन्ह, मग त्यांत भरलेला मजकूर. एक रकाना संपला कीं ‘आणि’ अशा अर्थाची वेलांटीदार इंग्रजी खूण, आणि पुढचा रकाना. या रीतीस ‘गेट’ म्हणतात. दुसरी रीत ‘पोस्ट’ नांवाची. तींत चिठ्ठी पत्त्यावर न लिहितां पाकिटांत घालून जाते. पाकिटांतील चिठ्ठी वाचण्याचीहि सोय आहे. मेजावरच्या संगणकावर ब्राउझर उघडून बहुधा एफ-बारा ही कळ दाबली, कीं एक कप्पा उघडतो. त्यांतील ‘नेटवर्क’ या सदरांत जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद होते. तें सदर उघडें ठेवून फॉर्म पुन्हां पाठवावा, नव्यानें उमटलेल्या ओळीवर क्लिक करावें, आणि क्रोममध्यें ‘पेलोड’ किंवा फायरफॉक्समध्यें ‘रिक्वेस्ट’ या मथळ्याखालीं काय लिहिलें आहे तें वाचावें. यानें कांहीं मोडत नाहीं. आपलीच चिठ्ठी आपण वाचीत असतों.

आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेनें धर्मकोशाचें काम हातीं घेतलें आणि त्याचा पहिला भाग १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथांचे पाठ शेजारीं शेजारीं मांडून कोठें काय बदललें हें ताडून पाहणें, ही अशा कामाची बैठक. येथेंहि तीच रीत उपयोगीं पडते. पडद्यावर भरलेला एक पाठ, चिठ्ठींत गेलेला दुसरा पाठ, आणि आंतल्या खोलींत नोंदला गेलेला तिसरा पाठ. तिसरा आपल्या हातीं नसतो. तो कचेरींतील माणसांनीं त्यांच्या दप्तरांतून काढावयाचा. पण पहिले दोन कोणालाहि ताडून पाहतां येतात, आणि पहिला फरक जेथें दिसेल तेथेंच थांबावें. त्याच्या पुढचे सर्व घोटाळे बहुधा त्याचींच लेंकरें असतात.

सर्वांत सामान्य दोष नांवाचा. बाहेरच्यानें रकान्यास ‘तालुका’ म्हटलें, आणि आंतला ‘तालुका-क्रमांक’ या नांवाचा रकाना शोधीत बसला. चिठ्ठीवर ‘वाई’ स्पष्ट लिहिलेलें असूनहि त्याच्या दृष्टीनें रकाना कोराच. इंग्रजी लिपींत तर पहिलें अक्षर मोठें कीं लहान, एवढ्या फरकानेंहि असें होतें. हा दोष लौकर सांपडतो, म्हणून त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

आपल्या लिपीचा मामला मात्र जरा खोल आहे. पत्त्याच्या ओळींत इंग्रजी अक्षरें, इंग्रजी अंक आणि मोजकीं चिन्हें एवढ्यांनाच प्रवेश आहे. मग ‘वाई’ हा शब्द तींतून जातो कसा? युनिकोड नांवाच्या जागतिक कोष्टकांत, ज्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, प्रत्येक अक्षरास क्रमांक दिलेला आहे. ते क्रमांक लहान लहान आंकड्यांत फोडून लिहिण्याची यूटीएफ-८ नांवाची पद्धति केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं बसविली. तिच्याप्रमाणें ‘व’ म्हणजे २२४, १६४, १८१. काना म्हणजे २२४, १६४, १९०. आणि ‘ई’ म्हणजे २२४, १६४, १३६. असे ९ आंकडे झाले. चिठ्ठीवर लिहितांना प्रत्येक आंकड्यापूर्वीं टक्क्याचें चिन्ह घालून तो दोन खुणांनीं दाखवितात. म्हणजे दोन अक्षरांचें आमचें गांव पत्त्याच्या ओळींत २७ चिन्हांची जागा अडवितें! शेवटीं ऱ्हस्व ‘इ’ लिहिली तर १३६ च्या जागीं १३५ येतो, आणि यंत्राच्या मतें तें गांवच निराळें.

आतां एकाच चिठ्ठीवर दोन जणांनीं हा संस्कार केला, म्हणजे काय होतें पाहा. पहिल्यानें घातलेलें टक्क्याचें चिन्ह दुसऱ्याला परकें वाटतें. तो त्याचेंहि रूपांतर करतो, आणि २७ चिन्हांचीं ४५ होतात. आंतला मनुष्य एकदांच उलगडा करतो. त्याच्या हातीं वाई लागत नाहीं, टक्केचिन्हांची माळ लागते. दुसरा प्रकार अधिक ओळखीचा आहे. पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला फ्रेंच ‘ए’ आणि शेजारीं चार पाय फुटलेलें एक वाटोळें चिन्ह, अशी जोडी पुन्हां पुन्हां दिसूं लागते. पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकांत २२४ आणि १६४ यांचा अर्थ हाच आहे. म्हणून ही जोडी दिसली कीं समजावें, मजकूर शाबूत आहे. वाचणारानें कोष्टक चुकीचें घेतलें आहे.

अधिक-चिन्हाची गोष्टहि अशीच. फॉर्म पाठविण्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणें चिठ्ठींत कोऱ्या जागेबद्दल अधिक-चिन्ह लिहितात. मग मोबाइलच्या क्रमांकापूर्वीं आपण ‘अधिक ९१’ असें लिहिलें आणि प्रोग्रामनें त्या चिन्हावर योग्य तो संस्कार केला नाहीं, तर आंत कोरी जागा आणि ९१ एवढेंच पोंचतें. क्रमांक ‘अवैध’ ठरतो. दुकानाच्या नांवांत ‘आणि’ची ती इंग्रजी खूण असली तर नांव मध्येंच तुटतें, कारण आंतल्याला वाटतें, हा रकाना येथें संपला.

मराठीचें स्वतःचें असें एक दुखणें आहे, आणि तें इंग्रजींत काम करणाराच्या स्वप्नांतहि येत नाहीं. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यांतील अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एका प्रकारांत त्या ‘ऱ’चा स्वतंत्र क्रमांक, मग पायमोड्याचें चिन्ह, मग ‘य’. दुसऱ्या प्रकारांत नेहमींचा ‘र’, पायमोडें, त्यानंतर डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह, आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ तंतोतंत सारख्या दिसतात; आंकडे मात्र निराळे. कोठारांत पहिला प्रकार आणि चिठ्ठींत दुसरा असला तर यंत्र सरळ सांगतें, असा शब्द नाहीं. सारखे दिसणारे कित्येक प्रकार एक करण्याचे युनिकोडचे ठराविक नियम आहेत. परंतु ही जोडी त्यांतून सुटते. मग कोणी घाईघाईनें तें अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो! महाबळेश्वराच्या दऱ्या शोधावयास निघालेला मनुष्य समुद्रांत जाऊन पडतो. खरा उपाय असा कीं, चिठ्ठींतला आणि कोठारांतला असे दोन्ही शब्द तुलनेपूर्वीं एकाच रूपांत आणावे, आणि दुसऱ्या प्रकाराचा पहिला करावा. ज्या मराठी विश्वकोशाची कचेरी वाईंत आहे आणि ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, त्याच्या नोंदी आतां संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. शब्द हाच जेथें दरवाजा आहे अशा कोशांच्या बाबतींत हा विचार किती आगत्याचा आहे, हें सांगावयास नको.

अंकांचें काय? वाईचा पिन ४१२८०३. तो देवनागरी अंकांत भरला तर चालेल काय? उत्तर असें आहे कीं, चिठ्ठी वाचणारा कोणत्या भाषेंत लिहिलेला आहे यावर तें अवलंबून आहे. पायथन या भाषेला देवनागरी अंक संख्या म्हणून समजतात. जावास्क्रिप्टला समजत नाहींत, ती ‘ही संख्याच नव्हे’ म्हणून मोकळी होते. म्हणून एकच फॉर्म एका कचेरींत चालतो आणि दुसरींत अडतो, यांत गूढ कांहीं नाहीं. पिनचा मूळ हेतुहि येथें आठवण्याजोगा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतज्ञ कवि टपालखात्यांत अधिकारी होते. त्यांच्या योजनेनें १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन सुरू झाला. सारख्या नांवांचीं गांवें, निरनिराळ्या लिपी आणि अपुरे पत्ते यांतून वाट काढण्यासाठीं ती तजवीज होती. वडगांव म्हटलें तर कोणतें वडगांव, हा प्रश्न टपाल वांटणाराला रोजचाच. चिठ्ठींत गांवाच्या नांवाऐवजीं क्रमांक कां पाठवावा, याचें उत्तर त्यांतच आहे. मात्र पिन दिसतो संख्येसारखा आणि असतो नांवासारखा. दोन पिनांची बेरीज कोणी करीत नाहीं. दूरध्वनीचा वाईचा संकेतांक ०२१६७ हाहि तसाच. त्याला संख्या मानून पाठविलें कीं आरंभींचें शून्य गळतें आणि २१६७ उरतो. आणि क्रमांक बिनचूक पोंचला म्हणजेहि सर्व झालें असें नाहीं. वाई सातारा जिल्ह्यांत असून तिचा पिन ४१२ नें सुरू होतो, जो आरंभ पुणें जिल्ह्यांतील कितीएक गांवांचा आहे. साताऱ्याचा ४१५ नें. पिनच्या पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ओळखूं पाहणारा प्रोग्राम वाईकरांस पुणेंकर करून सोडील.

आतां तारखेविषयीं थोडें विस्तारानें बोललें पाहिजे, कारण तेथें नुसती गैरसोय होऊन भागत नाहीं. माझे एक शेजारी सेवानिवृत्त कारकून आहेत. त्यांची जन्मतारीख १ जून. आमच्या पिढींतील पुष्कळ मुलें १ जूनलाच जन्मलीं, निदान शाळेच्या दप्तरीं तरी. आईबापांस तिथीहि आठवत नसली कीं तीच तारीख लिहिण्याची चाल होती. एका कचेरीच्या संकेतस्थळावर त्यांनीं फॉर्म भरला आणि उत्तर आलें, ‘जन्मतारीख नोंदीशीं जुळत नाहीं.’ शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, १ जून. आधारपत्र पाहिलें, १ जून. कचेरींत तीन खेपा घातल्या. तेथील जाड पुस्तकांतहि १ जूनच. कोणी म्हणालें, प्रतिज्ञापत्र करा. एका अनुभवी गृहस्थानें निराळीच युक्ति सांगितली: फॉर्ममध्यें २ जून लिहा, काम होऊन जाईल. शेजारी म्हणाले, “सही माझी, आणि खालीं तारीख खोटी? तें माझ्यानें व्हावयाचें नाहीं.” गृहस्थांची युक्ति लागू पडली असती, यांत शंका नाहीं, ती कां लागू पडली असती हें पाहण्यासारखें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास याच धंद्यांत आहे. तो सुटींत आला असतां शेजाऱ्यांना घेऊन बसला, नेटवर्कचें सदर उघडलें आणि फॉर्म पाठविला. पडद्यावर १ जून. चिठ्ठींत ३१ मे, सायंकाळचे १८ वाजून ३० मिनिटें! फॉर्ममधील दिनदर्शिकेनें १ जूनचा अर्थ ‘भारतांतील १ जूनची मध्यरात्र’ असा घेतला होता. जगांतील सर्व चिठ्ठ्या एका घड्याळाप्रमाणें असाव्या म्हणून प्रोग्रामनें ती वेळ ग्रीनिचच्या हिशेबानें लिहिली. आपण ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. तेव्हां आपली मध्यरात्र म्हणजे तेथील आदल्या दिवसाचे साडेसहा. आंतल्या खोलींत केवळ दिवसाशीं कर्तव्य, म्हणून वेळ छाटून टाकली गेली आणि ३१ मे उरला. २ जून लिहिला असता तर १ जून उरला असता.

घड्याळांचा हा तंटा आपल्याकडे नवा नाहीं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालीं आली, तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागें असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ च्या सुमारापर्यंत सोडली नाहीं. तेथें ‘कोणत्या घड्याळाचे दहा?’ असें विचारावें लागे. फॉर्म लिहिणारानें तेवढाच प्रश्न स्वतःस विचारावयास हवा होता. आणि आणखी एक मौज पाहा. हाच फॉर्म न्यूयॉर्कला बसून कोणी तपासला असता तर त्याला दोष दिसलाच नसता. तेथील मध्यरात्र ग्रीनिचला पहाटे चार किंवा पांच वाजतां पडते आणि तारीख तीच राहते. जन्मतारीख हा क्षण नव्हेच. ती दिनदर्शिकेवरची एक चौकट आहे. ती वर्ष, महिना, दिवस अशी साध्या अक्षरांत पाठवावी, तिला घड्याळ चिकटवूं नये. माझ्या विद्यार्थ्यानें चिठ्ठीचें चित्र काढून तें तक्रारीस जोडून पाठविलें, आणि कांहीं आठवड्यांनीं फॉर्म सुधारला. ज्यांनीं मधल्या काळांत २ जून लिहून काम भागविलें असेल, त्यांच्या नांवें कोठें काय नोंदलें गेलें, तें त्यांचें त्यांनीं पाहावें!

उत्तरासोबत तीन अंकी एक क्रमांकहि येतो. तो त्याच सदरांत दिसतो. ४०० म्हणजे ‘तुमची चिठ्ठी मला उमगली नाहीं’. ४०४ म्हणजे ‘या ठिकाणीं असें कांहीं नाहीं’. ५०० म्हणजे ‘माझ्याच घरांत बिघाड झाला’. चारशें आला तर चिठ्ठी तपासावी, पांचशें आला तर कचेरीस कळवावें, असा साधारण मान आहे; अर्थात् विचित्र चिठ्ठी वाचून आंतलाच कोलमडला तरी पांचशेंच येतो. मला खरी भीति वाटते ती २०० या क्रमांकाची, कारण त्याचा अर्थ ‘सर्व ठीक’. सातारा जिल्ह्यांत ११ तालुके आहेत. वाईचा पाऊस विचारणाऱ्या चिठ्ठींतून तालुक्याचा रकाना गळाला, आणि आंतल्यानें ‘रकाना कोरा असेल तर यादींतील पहिला घ्यावा’ असा स्वतःचा नियम केलेला असला, तर तो कराडचे आंकडे काढून देईल. आंकडे आले, कोष्टक भरलें, कोणाची तक्रार नाहीं. रकाना नाहीं, रकाना आहे पण कोरा, आणि रकान्यांत शून्य आहे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या हजेरीपटांत ‘गैरहजर’ आणि ‘शून्य गुण’ यांत जो भेद, तोच येथें. आवश्यक रकाना न मिळाल्यास आंतल्यानें अंदाज न करतां ४०० देऊन चिठ्ठी परत करावी, हेंच मला योग्य वाटतें. अशा नकारानें माणूस चिडतो खरा, पण फसत नाहीं.

शेवटीं, तक्रार लिहावयाची झाली तर ती कशी लिहावी? ‘तुमचें संकेतस्थळ चालत नाहीं’ या वाक्याचा कोणालाच उपयोग नाहीं. कोणत्या दिवशीं किती वाजतां पाठविलें, पडद्यावर काय भरलें होतें, चिठ्ठींत काय गेलें, आणि उत्तराचा क्रमांक कोणता आला, एवढीं चार वाक्यें असलीं कीं आंतील माणसाला तिसरा पाठ काढतां येतो. मात्र चिठ्ठीचें चित्र धाडण्यापूर्वीं तींतील आधार क्रमांक, बँकेचें खातें आणि मोबाइलवर आलेला संकेतांक हे झांकावे. पत्त्याच्या ओळींत ते दिसत असतील तर तेंहि तक्रारींत स्वतंत्र कलम म्हणून लिहावें, कारण पत्त्यावर लिहिलेलें ब्राउझरच्या इतिहासांत राहतें, वाटेवरच्या नोंदवहींतहि उतरतें, आणि असला मजकूर पाकिटांतूनच जावयास हवा होता.